नवव्या क्रमांकाचा निषेध

साप्ताहिकाचा नवा अंक आधी मुलीच्या हाती लागला आणि नाश्त्याच्या टेबलावर बातमी तिनेच फोडली.

"बाबा, तुमचा विभाग नववा आलाय."

मायक्रॉन सरांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी जाऊन तिथेच थांबला. मायक्रॉन हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं. सर यंत्र अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते आणि मोजमापाचं शास्त्र शिकवायचे. केसाच्या जाडीचे साठ-सत्तर तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे मायक्रॉन, आणि तेवढीही चूक सर कुणाला माफ करत नसत. प्रयोगवहीत एखाद्याने 'सुमारे' हा शब्द लिहिला, तर ते पान फाडून नव्याने लिहायला लावत.

हे साप्ताहिक दरवर्षी बारा कॉलेजांची तुलना छापायचं. शंभरातल्या नव्वद मुलांना दारातूनच परत पाठवतात अशी ही बारा कॉलेजं. त्यांच्यातला कुठला पदवी अभ्यासक्रम किती दमदार, कुणाच्या प्रयोगशाळा चांगल्या, कुठे शिकवतात आणि कुठे नुसतीच हजेरी घेतात, याची शाखावार क्रमवारी त्यात असे. गेल्या वर्षी सरांचा विभाग चौथा होता. यंदा तिसरा येणार, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी आधी मुलीला सांगितलं, की तू विद्युत शाखेचं पान बघत असशील. तिने पान दाखवलं. मग ते म्हणाले, की नऊ नसेल, सहा उलटा छापला असेल. तिने सहावं कॉलेजही दाखवलं. तेव्हा सरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "पहिला कोण?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने दुधाच्या भांड्याकडे पाहिलं.

"काका," मुलगी म्हणाली.

सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काका म्हणजे तिच्या मावशीचे यजमान, सरांचे साडू. उड्डाणपुलाच्या पलीकडच्या कॉलेजात ते याच विभागाचे प्रमुख होते. गेली पंधरा वर्षं दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. सरांच्या विभागात नवं मिलिंग मशीन आलं, की महिन्याभरात साडूंकडे त्याच्याहून मोठं येई आणि त्याचं उद्घाटन होई. बहिणी-बहिणी रोज तासभर फोनवर बोलत. साडू-साडू वर्षातून चारदा भेटत आणि हवेबद्दल बोलत.

खरी पंचाईत पुढेच होती. लेकीला यंदा अभियांत्रिकीला जायचं होतं आणि कॉलेजांची पसंतीची यादी दहा दिवसांत भरून द्यायची होती. तिच्या यादीत वडिलांचं कॉलेज पहिलं होतं. ते वडिलांचं होतं म्हणून नव्हे, चौथं होतं आणि वरची तिन्ही परगावी होती म्हणून. तिने पेन्सिल हातात घेतली आणि आता जरा विचार करायला हवा, असं ती शांतपणे म्हणाली. सरांना ते लागलं. पोटच्या पोरीने एका साप्ताहिकाच्या सांगण्यावरून विचार करायला बसावं, हा त्यांना स्वतःचा, विभागाचा आणि एकूणच विज्ञानाचा अपमान वाटला. नाश्ता तसाच टाकून ते कॉलेजला गेले.

कॉलेजात प्राचार्यांच्या टेबलावर तोच अंक तेच पान उघडून पडला होता. प्राचार्य बोलायला फार मऊ, पण रागावले की आणखी मऊ बोलत. ते इतकं हळू बोलत होते, की सरांना खुर्ची पुढे ओढावी लागली. पालकांचे फोन यायला लागलेत, काय उत्तर देऊ, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, उत्तर मी देतो, आणि पालकांना नाही, त्या साप्ताहिकालाच देतो.

त्या दिवशी सरांनी तीन पानी निषेधपत्र लिहिलं. त्यात 'धक्कादायक' तीनदा होतं, 'अशास्त्रीय' सात वेळा. एकाच वर्षात एखादा विभाग पाच पायऱ्या घसरतो, त्याअर्थी एक तर विभागाचं छप्पर कोसळलं असलं पाहिजे किंवा मोजणाऱ्याचं डोकं फिरलं असलं पाहिजे, आणि आमचं छप्पर शाबूत आहे, असं एक वाक्य होतं. ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी मागणी अशी होती, की कुणी कुणाला काय दिलं ते जाहीर करा, लपवाछपवी नको.

कारण ही क्रमवारी बरीचशी विभागप्रमुखांच्या मतावरच ठरत असे. बारा कॉलेजांच्या प्रमुखांना छापील अर्ज येई. प्रत्येकाने आपलं कॉलेज सोडून बाकीच्या अकरांचं मूल्यमापन करायचं. सरांनीही ते केलं होतं. आख्खी दुपार खर्चून, एकेक रकाना मोजूनमापून. त्यात साडूंच्या कॉलेजला त्यांनी त्याची जागा दाखवून दिली होती, शिवाय शेरा लिहायच्या जागेत चार टोमणेही मारले होते. अर्थात त्यांच्या मते ते टोमणे नव्हते, निरीक्षणं होती.

दोन दिवसांनी साप्ताहिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. बाई अतिशय अदबीने बोलत होत्या. यंदा बारांपैकी पाचच प्रमुखांनी अर्ज भरून पाठवले, त्यामुळे एकेकाच्या मताला वजन आलं, हे त्यांनी कबूल केलं. इतरांचे अर्ज दाखवता येणार नाहीत, म्हणाल्या. पण सरांची स्वतःची हरकत नसेल तर सरांचा अर्ज त्यांच्या पत्राशेजारी छापता येईल, म्हणजे वाचकांना कळेल, की प्रामाणिक मूल्यमापन कसं असतं.

सरांना हे मनापासून पटलं. शेवटी शहाण्या माणसाशी गाठ पडली होती. "छापा," ते म्हणाले. "शब्द न शब्द छापा. शेऱ्यांसकट."

बाईंनी लेखी परवानगी मागितली. सरांनी ती त्याच दुपारी सही-शिक्क्यानिशी पाठवून दिली आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, की आता बघा. पुढचे तीन दिवस ते शिट्टी वाजवत व्हरांड्यातून चालले. हे त्यांच्या कारकिर्दीत कुणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी विभागाच्या लिपिक बाई फाइल घेऊन केबिनमध्ये आल्या. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाची त्या प्रत काढून ठेवायच्या. सरांच्या अर्जाचीही प्रत त्यांच्याकडे होती. त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "सर, एक विचारू का? पुलापलीकडच्या कॉलेजला तुम्ही सगळीकडे पाच कसे दिलेत?"

सर हसले. "त्यांची लायकीच पाचव्या नंबरची आहे, बाई. सहावा असता तर तोही दिला असता."

बाईंनी पहिलं पान उघडून सरांसमोर ठेवलं आणि बोट टेकवलं. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं: 'यंदापासून बदल. क्रमांक देऊ नयेत, गुण द्यावेत. १ म्हणजे अत्यंत कमकुवत, ५ म्हणजे उत्कृष्ट.'

सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. दरवर्षी अर्जात प्रत्येक कॉलेजला एक ते पाच यांतला क्रमांक द्यायचा असे, एक म्हणजे सगळ्यात वरचा आणि पाच म्हणजे सगळ्यात खालचा. पंधरा वर्षं हा अर्ज भरणाऱ्या माणसाला पहिलं पान वाचायची गरज वाटली नव्हती. परीक्षेत सूचना न वाचता उत्तरं लिहिणाऱ्यांचे सर दोन गुण कापत, आणि त्यावर प्रत्येक वर्गात दहा मिनिटं बोलत.

त्यांनी भराभर हिशेब मांडला. ज्यांच्यावर दात होता त्या सहा कॉलेजांना त्यांनी पाच आणि चार वाटले होते. ज्यांच्याशी घरोबा होता त्यांना एक आणि दोन. पाचच अर्ज आले असताना एका माणसाने एवढं केलं, तर शत्रू वर जाणार आणि आपण खाली येणार, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता आलं असतं. नऊ हा आकडा निम्मा तरी त्यांनीच कमावलेला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, हे कुणाला..."

"मी फाइल कपाटात ठेवते," बाई म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या.

सरांनी संपादकबाईंना फोन लावला. तो अर्ज छापू नका, म्हणाले. बाई म्हणाल्या, पान छापायला गेलंसुद्धा. सर म्हणाले, तो खासगी कागद आहे. बाईंनी अदबीने आठवण करून दिली, की परवानगीवर सही आहे आणि शिक्काही आहे. काही चूक राहिलीय का अर्जात, असंही त्यांनी विचारलं. सरांनी तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं: मी पट्टी उलटी वाचली. मोजमापाचं शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक ते पाच वाचता आले नाहीत, हे वाक्य पुढच्या अंकात कसं छापून येईल ते त्यांना दिसलं.

"नाही," ते म्हणाले. "चूक कसली?"

अंक आला. डावीकडे सरांचं निषेधपत्र, उजवीकडे सरांचा अर्ज आणि वर मथळा: 'मतभेद असावा तर असा'. स्वतःच्या विभागावर अन्याय झाला म्हणून कडाडून भांडणारा हा परीक्षक प्रतिस्पर्ध्याला मात्र प्रत्येक रकान्यात पैकीच्या पैकी गुण देतो, असा निर्मळपणा आज दुर्मीळ आहे, असं संपादकबाईंनी लिहिलं होतं. शेरे तर त्यांनी चौकटीतच टाकले होते. 'येथील कार्यशाळेत पाऊल टाकताच आमच्या गुरुजनांचा काळ डोळ्यांसमोर उभा राहतो.' 'अभ्यासक्रम बदलण्याची गरज येथे कुणालाही वाटत नाही.' 'विभागप्रमुखांचा आवाज कॉलेजच्या कोणत्याही कोपऱ्यात पोचतो.' सरांनी हे लिहिताना ओठ चावून हसू दाबलं होतं. आता ते मानपत्रासारखं दिसत होतं.

प्राचार्यांनी बोलावलं. या वेळी ते इतके हळू बोलले, की खुर्ची टेबलाला टेकेपर्यंत ओढावी लागली.

"आपण त्यांचा निषेध करतोय, की सत्कार?"

सरांपुढे दोन वाटा होत्या. एक खरी होती. सरांनी दुसरी धरली. ताठ बसून ते म्हणाले, की मोजणाऱ्याने मोजताना आपला आणि परका बघायचा नसतो, मोजपट्टीला नातीगोती नसतात. प्राचार्यांनी उठून सरांचा हात हातात घेतला. शिक्षकांच्या खोलीतही हेच झालं. गणिताच्या वयस्कर प्राध्यापकांनी तर डोळे पुसले आणि आपल्याला असं कधी जमलं नसतं म्हणाले. संध्याकाळपर्यंत सरांना स्वतःलाही थोडंसं वाटायला लागलं होतं, की आपण मुळात तसे आहोतच.

फक्त कॉलेजच्या दिवसांपासूनचे त्यांचे जिवलग मित्र, जे आता उत्तरेकडच्या एका कॉलेजात प्रमुख होते आणि ज्यांना सरांनी प्रेमाने सगळीकडे एक दिला होता, त्यांचा दोन शब्दांचा निरोप आला. 'आभारी आहे.' सरांनी चार वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

घरी आले तर लेक खोडरबर घेऊन बसलेली. तिने काकांचं कॉलेज पहिल्या जागी लिहिलं होतं. साप्ताहिक काय म्हणतं याला तिच्या लेखी आता काडीचीही किंमत नव्हती. तिचा पुरावा वेगळाच होता.

"तुम्ही स्वतः पाच दिलेत, बाबा. अर्ध्या मायक्रॉनसाठी भांडणारा माणूस उगाच पाच देणार नाही."

सर म्हणाले, तसं ते माप थोडं ढोबळ होतं.

"तुम्ही ढोबळ माप घेता?"

हो म्हटलं तर आयुष्यभराच्या शिकवणीवर पाणी पडत होतं, नाही म्हटलं तर मुलगी पूल ओलांडून जात होती. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि राग काढायला समोर माणूसच नव्हता. शेवटी ते साप्ताहिकावर घसरले. सूचना ठळक छापल्या म्हणजे झालं का, माणसाच्या सवयींचा काही विचार करायला नको, असं ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाच मिनिटं बोलले. बायकोला त्याचा संदर्भ लागला नाही, निदान तसं तिने दाखवलं तरी.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साडू उभे. एरवी हा माणूस पायऱ्यांवरूनच हाका मारत यायचा आणि पाठीत थाप घालायचा. आज हळूच चपला काढून आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. लेक आणि तिची आई समोरच होत्या. हवेबद्दल कुणी काही बोललं नाही.

"भाऊ," साडू म्हणाले, "मी फार लहान माणूस निघालो. तुम्ही मला सगळीकडे पाच दिलेत. मी तुम्हाला सगळीकडे एक दिला."

सरांच्या मनात एकदम उजेड पडला. म्हणजे हाही तसाच फसला. याच्याएवढा जवळचा माणूस जगात दुसरा नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. ते पुढे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "एक म्हणजे पहिला नंबर, असं समजून ना?"

"छे हो. सूचना केवढ्या ठळक छापल्या होत्या. दोनदा वाचल्या आणि मग दिला."

सर मागे टेकले. साडू मान खाली घालून बोलत राहिले. अंक वाचल्यापासून झोप नाही, म्हणाले. कार्यशाळेबद्दल तुम्ही इतकं आदराने लिहिलंत, गुरुजनांची आठवण काढलीत, आणि मी तुमच्याबद्दल काय लिहिलं ते सांगायचीही लाज वाटते. मग ते लेकीकडे वळले. तिच्या यादीत आपलं कॉलेज पहिलं आहे हे त्यांना मावशीकडून कळलं होतं, आणि त्यासाठीच ते खरे आले होते.

"बाळा, वडिलांच्या चांगुलपणावर जाऊ नकोस. आमच्याकडे एका लेथभोवती तीस मुलं उभी असतात. दोघं काम करतात, बाकीची टाचा उंचावून बघतात. तुझ्या बाबांच्या विभागात प्रत्येक मुलाच्या हाताला यंत्र लागतं. पदवीचं शिक्षण त्यांच्याकडे जास्त भक्कम आहे. हे मी बाहेर कुठे बोलणार नाही, पण तुला सांगतो."

पंधरा वर्षं जे वाक्य ऐकायला सर आसुसलेले होते, ते त्यांच्याच बैठकीत, साक्षीदारांसमोर उच्चारलं गेलं होतं, आणि त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात 'दोनदा वाचल्या' एवढंच घुमत होतं.

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाबांचा अर्ज म्हणतो काकांकडे जा, काका म्हणतात बाबांकडे जा, असलं मूल्यमापन तिने आजवर पाहिलं नव्हतं. आता कुणाचंच ऐकायचं नाही, उद्या मी स्वतः दोन्ही ठिकाणी जाऊन बघते, असं तिने जाहीर केलं. साडूंनी निघताना सरांचे दोन्ही हात धरले. सरांनी हात धरू दिले, इतकंच.

सोमवारी ती खरोखरच गेली. दोन्ही कार्यशाळांत तासतासभर उभी राहिली, मुलांशी बोलली, यंत्रं मोजली आणि कुठल्या यंत्रावर धूळ आहे तेही बघितलं. मंगळवारी यादी भरून दिली. पहिलं नाव वडिलांच्या कॉलेजचं होतं. शाखा मात्र विद्युत. यंत्रांची तिला आवड नव्हती असं नाही, पण पान फाडणारी व्यक्ती घरात एक पुरे, असं तिचं म्हणणं पडलं. बायको हसली. बहिणीला फोन करायला म्हणून ती उठलीसुद्धा.

सर हसले नाहीत. त्यांना लेकीचा राग नव्हता, विद्युत शाखेचाही नव्हता. रविवारपासून त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. जेवताना, मुलांचे पेपर तपासताना, दाढी करताना ते मध्येच थांबत आणि मान हलवत. आताही त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"नीट वाचून दिला त्याने," ते म्हणाले. "चुकून दिला असता तर मी समजून घेतलं असतं. चूक कुणाकडूनही होते. पण वाचून, समजून-उमजून, घरच्या माणसाला एक. माणूस इतका खालच्या थराला जाऊ शकतो?"

बायको फोनपाशी थांबली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या शिट्टीचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, पण त्याचं बाकी सगळं तिला पाठ होतं.

"आणि तुम्ही काय दिलं होतंत त्यांना?" तिने विचारलं. "मनातून?"

सरांनी टेबलावरचा अंक उचलला, ते पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"पाच," ते म्हणाले. "छापून आलंय."